रोव्हर्स कप : चषकावरची नावं आणि पगाराचं मस्टर

आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय, की तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी फुटबॉलवर काय बोलायचं? उत्तर सोपं आहे. आम्ही गोल कसे झाले ते सांगणार नाही. आम्ही एक यादी वाचणार आहोत. एखादा ग्रंथ वाचावा तशी, म्हणजे त्यात काय लिहिलंय आणि काय गाळलंय याच्याकडे लक्ष देऊन. ही यादी रोव्हर्स कपच्या विजेत्यांची आहे.

इथे वाशीत बसलेल्या तरुण मंडळींपैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? बघा, चार-पाच हात वर आले, आणि तेही पिकल्या केसांचे. म्हणजे या व्याख्यानाची गरज आहे.

तर आधी थोडक्यात. रोव्हर्स कप ही मुंबईची फुटबॉल स्पर्धा. सुरुवात १८९१ साली. सिमल्याचा ड्युरँड कप १८८८ चा, कलकत्त्याची आय. एफ. ए. शील्ड १८९३ ची. या दोघांच्या मधलं हे मुंबईचं अपत्य. तिघांनाही भारतीय फुटबॉलमध्ये सारखाच मान होता. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीनं जिंकला. पुढं सामने कूपरेजवर रंगू लागले. कूपरेज म्हणजे लाकडी पिंपं बनवायची जागा. कारखाना गेला, नाव मैदानाला चिकटून राहिलं. शेवटची स्पर्धा २०००-०१ च्या मोसमात झाली आणि ती मोहन बागाननं जिंकली. त्यानंतर चषक कपाटात गेला. एकशे दहा वर्षांची परंपरा थांबली, आणि मुंबईत त्याबद्दल कुणी मोर्चा काढला नाही, सभा घेतली नाही. आमचा आजचा प्रश्न या शांततेबद्दल आहे.

इतिहास सांगायच्या दोन पद्धती

रोव्हर्स कपचा इतिहास साधारण दोन पद्धतींनी सांगितला जातो. दोन्ही आम्हाला अपुऱ्या वाटतात.

पहिली पद्धत 'पहिला कोण' ही. पहिली चाळीस-पंचेचाळीस वर्षं गोऱ्या पलटणींची. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून ४-१ असा हरला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघानं चषक जिंकला. असा पराक्रम करणारा हा पहिला भारतीय नागरी संघ. १९३८ साली त्यांनीच पुन्हा जिंकला. १९४० साली कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. मग स्वातंत्र्य, मग आपलेच संघ. ही गोष्ट खोटी नाही. पण ती १९४७ पाशी येऊन संपते. गोरे गेले, आपण आलो, आणि पुढची पन्नास वर्षं? त्यांच्याविषयी या पद्धतीला सांगण्यासारखं काही उरत नाही. शत्रू संपला की कथानक संपतं.

दुसरी पद्धत हळहळीची. काय ते दिवस, काय ती गर्दी, कूपरेजच्या लाकडी बाकांवर सिनेनट बसायचे, आता काय राहिलं नाही. हळहळीला आमचा विरोध नाही, वयानुसार ती आमच्याही वाट्याला येते. पण हळहळ कारण सांगत नाही. 'लोकांना आता आवड उरली नाही' असं ती म्हणते, आणि आवड ही जणू पावसासारखी वरून पडते आणि थांबते असं गृहीत धरते. तर्कशास्त्राच्या वर्गात याला आम्ही कार्यालाच कारण म्हणणं असं म्हणायचो. लोक येईनासे झाले, का? तर लोकांना यावंसं वाटेना. यानं ज्ञानात भर पडत नाही.

आता तिसरी पद्धत बघू. यादीतलं प्रत्येक नाव घ्या आणि एकच प्रश्न विचारा : या अकरा जणांना पगार कोण देत होतं?

मस्टर म्हणून वाचलेली यादी

पलटणींचं उत्तर उघड आहे. सोल्जरला पगार सरकार देतं, संध्याकाळी खेळायला वेळ देतं, बूट देतं, दूध-अंडी देतं. छावणीत रिकामा सोल्जर दारू पितो आणि भांडणं काढतो, म्हणून त्याला खेळात गुंतवायचं, हा त्यामागचा व्यवहार. म्हणजे सुरुवातीच्या विजेत्यांची नावं ही साम्राज्याच्या पगारपत्रकातली नावं आहेत.

पुढं या. १९४२ साली विजेता संघ आहे बाटा स्पोर्ट्स क्लब. कलकत्त्याजवळच्या बाटानगरचा, बूट-चपलांच्या कारखान्याचा संघ. ज्या काळात आपले कित्येक नामवंत खेळाडू अनवाणी खेळत, त्या काळात बूट करणाऱ्यांचा संघ मुंबईत येऊन चषक घेऊन जातो! पण इथे महत्त्वाची गोष्ट ही की यादीत कारखाना शिरला.

मग १९५०. हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं त्यांनी चषक दुसऱ्या कुणाला लागू दिला नाही. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शिक्षक. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक घेतला. त्या हैदराबादी संघाची कुशलता कशात होती यावर पुष्कळ लिहिलं गेलंय : छोटे पास, चेंडू जमिनीवर ठेवणं, वेग. पण त्या नावात 'पोलीस' हा शब्द आहे, तो आपण वाचत नाही. ती माणसं पोलीस खात्याच्या नोकरीत होती. गोलपोस्टाच्या मागं एक सरकारी खातं उभं होतं. पुढं राज्यपुनर्रचना झाली, आंध्र प्रदेश झाला, आणि चषकावरचं नावही 'आंध्र पोलीस' झालं. राज्याचा नकाशा बदलला की विजेत्याचं नाव बदलतं. मस्टर कुणाच्या हातात आहे हे यावरून कळतं.

१९५८ : कॅल्टेक्स, मुंबई. तेल कंपनीचा संघ. १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे, ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे पहिले आशियाई, नेव्हिल डिसूझा हे याच मुंबईचे. टाटा आणि कॅल्टेक्स या संघांकडून खेळले. १९६४ : बी. एन. आर., म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे. रेल्वेचं ते नाव तोवर इतिहासजमा झालेलं, पण संघानं ते जपलं. १९६५ : मफतलाल. गिरणीवाले. १९७४ साली गोव्याचा डेम्पो, म्हणजे खाणी आणि जहाजवाहतुकीतलं घराणं.

आता ही नावं ओळीनं म्हणा : पलटण, बुटांचा कारखाना, पोलीस, तेल कंपनी, रेल्वे, गिरणी, खाणमालक. हा फुटबॉलचा इतिहास आहे की नोकऱ्यांचा? आमचं म्हणणं असं की दोन्ही एकच आहेत. विसाव्या शतकात या देशात गरीब घरातल्या मुलाला खेळायला वेळ कोण विकत घेऊन देऊ शकत होतं, त्याची ही नोंदवही आहे. मुंबईत क्रिकेटची टाइम्स शील्ड याच पायावर उभी होती, ऑफिसांच्या संघांवर. फुटबॉलच्या हारवुड लीगमध्येही बँका, रेल्वे, गिरण्या, कंपन्या यांचीच गर्दी. कारकून म्हणून, फिटर म्हणून, शिपाई म्हणून नाव लागायचं; दुपारनंतर मैदान. 'स्पोर्ट्सवर लागला' हा मुंबईच्या चाळींतला मानाचा शब्दप्रयोग होता. पोरगं चेंडूच्या मागं धावतं म्हणून आधी मारणारा बाप, ते स्पोर्ट्सवर लागलं की पेढे वाटायचा.

त्याच मैदानापासून हाकेच्या अंतरावर

आता कुणी म्हणेल, मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन यांचं काय? ते कुठल्या खात्याचे? बरोबर आहे. मोहन बागाननं हा चषक चौदा वेळा जिंकला, तो विक्रम आहे. ईस्ट बंगालनं दहा वेळा. ते नोकरीचे संघ नाहीत, ते आपलेपणाचे संघ आहेत. त्यांच्या मागं एक शहर, एक वस्ती, एक समाज उभा असतो. इथे आपल्याला दुसरा प्रश्न विचारावा लागतो : पगार कुणाचा हा झाला एक प्रश्न, गर्दी कुणाची हा दुसरा.

गर्दीचा प्रश्न आला की मुंबईच्या दुसऱ्या एका वार्षिक सामन्याची आठवण काढावीच लागते. क्रिकेटची पंचरंगी. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून हिंदू आले म्हणून तिरंगी, १९१२ पासून मुसलमान आले म्हणून चौरंगी, आणि १९३७ पासून 'इतर' आले म्हणून पंचरंगी. या 'इतर' शब्दाकडे बघा. आपले विजय हजारे, सांगलीचे मराठी ख्रिस्ती, ते या 'इतर' मध्ये. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. इतकी मोठी खेळी, आणि खेळणाऱ्याची ओळख काय, तर उरलेल्यांपैकी एक.

पंचरंगीला गर्दी अफाट. पण ती गर्दी जमातीच्या नावावर जमलेली. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी या सामन्यांविरुद्ध मत दिलं, वाद पेटला, आणि १९४६ मध्ये ती स्पर्धा कायमची बंद झाली. ती मेली नाही, तिला विचारपूर्वक थांबवलं. आमच्या मते योग्य केलं. त्या स्पर्धेची घटनाच जमातींची होती. संघ बदलायचे तर स्पर्धाच मोडावी लागली असती.

आणि योगायोग बघा. ज्या १९३७ साली क्रिकेटमध्ये पंचरंगी झाली, त्याच १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सनी रोव्हर्स कप जिंकला. नावात धर्म इथेही आहे. मग फरक काय? फरक असा की रोव्हर्स कपच्या नियमांत धर्म नव्हता. तिथे पलटण येऊ शकत होती, पोलीस येऊ शकत होते, बुटांचा कारखाना येऊ शकत होता, आणि मुसलमान तरुणांचा क्लबही. स्पर्धेला कोण येतं याच्याशी कर्तव्य होतं. तो कुणाच्या नावानं येतो याच्याशी नव्हतं. दार उघडं होतं. म्हणून साम्राज्य गेलं तरी रोव्हर्स कप टिकला आणि पंचरंगी टिकली नाही. एक ओळख मोडली की दुसरी ओळख त्याच दारातून आत यायची.

हा त्या स्पर्धेचा मोठा गुण. आणि आमचं आजचं मुख्य म्हणणं असं, की हाच गुण तिच्या अंताचं कारणही झाला. सर्वांसाठी उघडं असलेलं घर कुणाचंच नव्हतं. मुंबई यजमान होती; मुंबई कधी घरची झाली नाही.

मेली कशी?

मिलिंदप्रश्नातला नागसेनाचा रथ तुम्हाला ठाऊक असेल. राजा मिलिंदाला भिक्षू नागसेन विचारतो : चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? नाही. मग हे सगळं सोडून वेगळा रथ आहे का? तोही नाही. या भागांच्या जुळणीला आपण 'रथ' म्हणतो, एवढंच. वार्षिक सामन्याचंही तसंच. १८९१ चे खेळाडू २००० साली नाहीत, संघ नाहीत, राज्य तेच नाही, बुटांचा आकारही तो नाही. तरी आपण 'तीच स्पर्धा' म्हणतो. नाव टिकवणारी माणसं असतात तोवर स्पर्धा टिकते. ती माणसं विखुरली की रथाचे नुसते भाग उरतात.

रोव्हर्स कपची ती माणसं कशी विखुरली ते यादीवरूनच दिसतं. पलटणी १९४७ ला गेल्या. कॅल्टेक्स १९७६ च्या अखेरीस सरकारनं ताब्यात घेतली आणि पुढं ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. ज्या शहरात गिरणीच टिकत नाही तिथे गिरणीचा संघ कसा टिकणार? नव्वदीनंतर बँका आणि कंपन्यांनी खेळाडूंची भरती हळूहळू आवरती घेतली. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. मोठ्या संघांचं वेळापत्रक तिच्याभोवती फिरू लागलं आणि जुन्या चषकांना फटीत बसावं लागलं. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा बलवान संघ. तो २००५-०६ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि २०१० मध्ये बंद करण्यात आला.

'लीग आली म्हणून चषक गेला' हे स्पष्टीकरण आम्ही अर्धंच मान्य करतो. कारण ड्युरँड कप जिवंत आहे. तोही जुना, तोही साहेबाचा, त्यालाही लीगचा फटका बसला. सिमल्याहून तो १९४० मध्ये दिल्लीला आला, २०१९ पासून कोलकात्यात गेला. गाव बदललं, संघ बदलले. पण त्याचा सांभाळ सैन्यदलांकडे होता आणि आहे. ब्रिटिश सेना गेली, भारतीय सेना आली. मस्टरवरची नावं बदलली, मस्टर ठेवणारं ऑफिस चालू राहिलं. रोव्हर्सच्या मागं असं न मोडणारं ऑफिस नव्हतं, आणि ऑफिसाची जागा घेईल असं गावही नव्हतं.

गाव का नव्हतं? कूपरेजच्या गर्दीकडे बघा. बंगाली लोक बागान किंवा ईस्ट बंगालसाठी, मुसलमान मोहल्ल्यांतले लोक मोहमेडनसाठी, धोबीतलावच्या कूडांमधले गोवेकर डेम्पो-साळगावकरसाठी. यातला प्रत्येक जण दुसऱ्या कुठल्या तरी घराच्या आठवणीनं आलेला. मुंबईचे संघ होते, पण ते ऑफिसांचे. आपलं गाव हरलं म्हणून माणूस रात्री जेवत नाही. आपल्या शेजारच्या टेबलावरच्या कंपनीचा संघ हरला म्हणून कोण उपाशी झोपेल?

कॉलेजची वाट

इथे अमेरिकेचं एक उदाहरण घेऊ, कारण तिकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटला. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावात नववर्षाच्या दिवशी गुलाबांच्या रथांची मिरवणूक निघते, १८९० पासून. तिला जोड म्हणून १९०२ मध्ये दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना ठेवला. हा फुटबॉल तिकडचा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा. मिशिगननं स्टॅनफर्डला ४९-० असं इतकं धुतलं की स्टॅनफर्डनं वेळ संपायच्या आधीच खेळ थांबवायची विनंती केली. संयोजकांनी फुटबॉलच सोडून दिला. मग त्यांनी काय ठेवलं असेल? रथांच्या शर्यती! जुन्या रोमसारख्या. १९१६ मध्ये फुटबॉल परत आला, १९२२ मध्ये वाडग्याच्या आकाराचं मैदान झालं, आणि सामन्याला नाव पडलं 'रोझ बोल'. गुलाबाचा वाडगा. त्यावरून तिकडच्या अशा सगळ्या वार्षिक सामन्यांना 'बोल' म्हणू लागले : ऑरेंज, शुगर, कॉटन. १९४२ साली पर्ल हार्बरनंतर पश्चिम किनाऱ्यावर गर्दी जमवणं धोक्याचं, म्हणून सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला नेला. पण मोडला नाही.

तो का टिकला? सामना भरवणारी संस्था गावची, स्वयंसेवकांची. आणि संघ विद्यापीठांचे. तिथे कॉलेज सुटलं तरी कॉलेजचं नाव सुटत नाही. आजोबा, मुलगी, नातू एकाच रंगाची टोपी घालतात. आपल्याकडे कॉलेज तीन वर्षांचं, एस.टी. स्टँडसारखं. गाडी आली की निघायचं. माजी विद्यार्थी सर्टिफिकेटच्या नकलेसाठी परत येतो.

पण त्या वाड्याची मागची बाजूही बघायला हवी. कित्येक दशकं तिथल्या विद्यार्थी खेळाडूच्या जिवावर विद्यापीठं, वाहिन्या, प्रायोजक पैसे कमवत होते आणि खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा त्याला २०२१ च्या जुलैत मिळाली. त्या तुलनेत आपल्या कॅल्टेक्सच्या, रेल्वेच्या, पोलिसांच्या खेळाडूला महिन्याच्या महिन्याला पगार होता, गुडघा गेला तरी नोकरी होती. म्हणून ऑफिसच्या संघांना हसू नका. गर्दीच्या बाबतीत अमेरिकन कॉलेज पुढं. माणसाच्या बाबतीत आपली गिरणी पुढं होती. एकाकडे आपलेपण होतं, पगार नव्हता. दुसऱ्याकडे पगार होता, आपलेपण नव्हतं. दोन्ही एका जागी कसे आणायचे, हा खरा प्रश्न आहे.

कोल्हापूरचं उत्तर, अर्धं

या प्रश्नाला मराठी मुलखात एक उत्तर आहे, आणि ते मुंबईत नाही, कोल्हापुरात आहे. तिथे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या आखाड्यांची नावं फुटबॉलच्या जर्सीवर. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर. तिथे प्रेक्षक पेठेचा, संघ पेठेचा, आणि हरल्याचं दुःखही पेठेचं. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

याला अर्धं उत्तर का म्हणतो? कारण आपलेपणाची किंमत तिथेही मोजावी लागते. पेठेची ईर्ष्या कधी मैदानाबाहेर जाते, हाणामारी होते, सामने थांबतात. पंचरंगीत जे जमातीच्या नावानं झालं ते इथे लहान प्रमाणात गल्लीच्या नावानं होऊ शकतं. पण एक मोठा फरक आहे. पेठ ही जन्मानं ठरणारी जात किंवा धर्म नाही. पेठेत राहायला आलेल्याचं पोरगं पेठेचंच होतं. माणूस जिथे राहतो, जिथे त्याच्या मुलाला चेंडू सापडतो, ती त्याची बाजू. आम्हाला वाटतं, वार्षिक सामन्याला लागणाऱ्या आपलेपणाचा त्यातल्या त्यात सुरक्षित प्रकार हाच. दुसरी अपुरी बाजू पगाराची. तालीम प्रेम देते, पोट भरत नाही. मुलाला पंचविशीत पोटापाण्याचं बघावंच लागतं.

आणि आपलं शहर

आता आपल्याकडे या. आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१७ च्या त्याच विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना झाला. २०२२ च्या फेब्रुवारीत महिलांच्या आशियाई चषकाची अंतिम लढत झाली, चीननं दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन आणि कोलंबिया. तीन मोठे प्रसंग, जगानं पाहिले. आणि तिन्ही वेळा आपण काय होतो? यजमान. तेच, जे मुंबई एकशे दहा वर्षं होती.

यजमानपण वाईट नाही. पाहुणे यावेत, मैदान झळकावं. पण पाहुणे गेल्यावर दरवर्षी ठरलेल्या तारखेला या शहरात कोण कुणाशी खेळतं? ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. त्या गावांची स्वतःची क्रिकेटची मैदानी स्पर्धा असते, गावचं नाव घेऊन पोरं खेळतात, आणि हरल्यावर गाव रुसतं. नोडमधल्या सोसायट्यांना असं काही नाही. आमच्या शहरात गावं एका बाजूला, सेक्टर दुसऱ्या बाजूला, कॉलेजं तिसरीकडे. कॉलेजात दूरदूरची मुलं येतात, त्यांना सेक्टर माहीत नाही. सेक्टरला कॉलेज माहीत नाही, फक्त त्याची पार्किंग माहीत आहे.

रोव्हर्स कप पुन्हा सुरू करा, अशी मागणी मधून मधून होते. आम्ही तिच्या विरोधात नाही, पण नुसता चषक कपाटातून काढून उपयोग नाही. आधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत : खेळणाऱ्याचं पोट कोण सांभाळणार, आणि तो हरला तर जेवण कुणाला जाणार नाही? ही उत्तरं नसतील तर नवा चषक एक-दोन वर्षं प्रायोजकाच्या फलकाखाली चमकेल आणि पुन्हा कपाटात जाईल. उत्तरं असतील तर चषक नसला तरी चालेल. करावे आणि नेरूळ, घणसोली आणि कोपरखैरणे यांनी दरवर्षी एका ठरलेल्या रविवारी खेळावं, गावची पोरं आणि सेक्टरची पोरं एकाच संघात असावीत, आणि जवळच्या कॉलेजनं आपलं मैदान त्या दिवशी उघडं ठेवावं. इथल्या कारखान्यांनी आणि कंपन्यांनी जर्सीवर नाव छापण्याऐवजी त्यातल्या चार पोरांना नोकरीवर घ्यावं. जुन्या मुंबईनं पगार देऊन दाखवला, कोल्हापूर आपलेपण देऊन दाखवतं. दोन्ही जमवणारं शहर महाराष्ट्रात अजून व्हायचं आहे, आणि आपलं शहर अजून पुरतं घडायचं आहे. म्हणून ही संधी आपली आहे.

वर्षातून एकदा होणारा सामना म्हणजे एका वस्तीनं स्वतःला दिलेलं वचन असतं, की पुढच्या वर्षीही आम्ही इथेच असू. रोव्हर्स कपच्या यादीत पलटण, पोलीस, गिरणी, तेल कंपनी सगळे सापडतात. वस्ती फार थोड्या ठिकाणी सापडते. तुमच्यातल्या ज्यांच्या घरी वडिलांचा किंवा आजोबांचा ऑफिस टीममधला फोटो असेल, त्यांनी तो काढून बघावा, आणि त्या अकरा जणांना पगार कोण देत होतं ते लिहून ठेवावं. नोकऱ्यांचा आणि खेळाचा हा इतिहास एकत्र अजून नीट लिहिला गेलेला नाही. तो लिहायला प्राध्यापक नको, घरातली पेटी उघडणारी माणसं हवीत.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बाईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.